रुसलेले यंत्र

इंग्लंड, अमेरिका यांसारख्या देशांत घरापुढे हिरवळ राखण्याची मोठी हौस आहे. आपल्याकडे अंगण सारवून त्यावर रांगोळी काढली म्हणजे घराला शोभा येते. तिकडे तीच शोभा एकसारख्या कापलेल्या गवताने येते. गवत वाढले की शेजारी नाके मुरडतात. अमेरिकेतील कित्येक नगरांत तर गवत ठरावीक उंचीच्या वर गेल्यास नगरपालिका घरमालकाला दंडही करते. म्हणून हिवाळा सरून वसंताचे ऊन पडू लागले, की सुटीच्या दिवशी घरचा गृहस्थ अडगळीच्या खोलीतून गवत कापण्याचे यंत्र बाहेर काढतो. इंग्रजीत त्याला लॉनमोअर म्हणतात. आपल्याकडील माळी ‘गवताची मशीन’ म्हणून मोकळे होतात.

तो यंत्रावरील दोरी जोराने ओढतो. यंत्र घुर्र करते आणि गप्प बसते. पुन्हा ओढतो, पुन्हा तेच. दहा वेळा, वीस वेळा ओढून खांदा भरून येतो. गेल्याच वर्षी पैसे मोजून ते दुरुस्त केलेले असते, त्याच्या आदल्या वर्षीही केलेले असते. एकदाचे सुरू झालेच, तर अर्धी हिरवळ कापून होताच ते धूर सोडून थांबते आणि अर्धवट हजामत झालेल्या डोक्यासारखी हिरवळ रस्त्यावरच्या लोकांना दिसत राहते. अशा वेळी भलाभला शांत मनुष्यही यंत्राला लाथ मारतो. विद्यार्थी मित्रहो, लाथ मारल्याने यंत्र सुरू झाल्याचे मी कधी ऐकलेले नाही; पाय मात्र दुखावल्याचे ऐकले आहे.

यात दोष कोणाचा? यंत्राचा, ते बनविणाऱ्याचा, की ते वापरणाऱ्याचा? हे ठरविण्यापूर्वी त्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील मोठ्या बागांतील गवत लांब दांड्याच्या वाकड्या कोयत्याने कापीत असत. हे काम फार कौशल्याचे होते. कापणारे लोक पहाटेच उठून कामाला लागत; कारण दवाने भिजलेले गवत त्या पात्याखाली नीट कापले जाते, उन्हाने सुकले म्हणजे ते नुसते वाकते. इंग्लंडातील स्ट्राउड गावाच्या परिसरात त्या काळी लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणून झालेल्या कापडावर लोकरीचे बारीक तंतू उभे राहतात. ते छाटून कापड गुळगुळीत करण्यासाठी गिरणीत एक यंत्र असे. त्यात रुळावर पिळाच्या आकारात पाती बसविलेली असत आणि रूळ फिरू लागला की तंतू छाटले जात. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, की कापडावरचे तंतू आणि जमिनीवरचे गवत यांत आकाराखेरीज फरक तो काय? १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. हे यंत्र चालविणे गावोगावच्या सद्‌गृहस्थांना करमणुकीचा आणि आरोग्यदायी व्यायाम वाटेल, अशी आशा त्याने पेटंटाच्या कागदातच व्यक्त केली होती! ते यंत्र लोखंडाचे आणि चांगलेच जड होते. तेव्हा व्यायामाविषयीचे त्याचे म्हणणे खोटे ठरले नसावे. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करता येतो असा पाना तयार करण्याचे श्रेयही याच बडिंगला दिले जाते.

बडिंगच्या यंत्राचे तत्त्व कात्रीचे आहे. मागचा जड रूळ जमिनीवर फिरतो, तो दातेरी चाकांच्या द्वारे पुढच्या पात्यांच्या रुळाला वेगाने फिरवितो. खाली एक स्थिर पाते असते. फिरते पाते आणि स्थिर पाते यांच्यामध्ये गवत सापडते आणि कापले जाते. कात्रीचा मधला खिळा सैल झाला म्हणजे कापड कापण्याऐवजी दोन पात्यांत दुमडते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. येथेही तेच होते. दोन पात्यांतील अंतर थोडे वाढले की गवत कापले न जाता चुरगाळते; अंतर अजिबात उरले नाही तर पाती एकमेकांवर घासून यंत्र जड चालते. म्हणून जाणता माळी काम सुरू करण्यापूर्वी कागदाची एक पट्टी त्या पात्यांमध्ये धरून, रूळ जपून फिरवून पाहतो. पट्टी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सारखीच स्वच्छ कापली गेली तर यंत्र ठीक आहे.

पुढे या यंत्रात सुधारणा होत गेल्या. १८४२ साली स्कॉटलंडमधील अलेक्झांडर शँक्स याने तट्टू जुंपून ओढावयाचे मोठे यंत्र तयार केले. तट्टाच्या खुरांनी हिरवळीवर खड्डे पडू नयेत म्हणून त्याच्या पायांत कातडी जोडे घालीत असत. हिरवळ सपाट करण्याचे जड रूळही तट्टेच ओढीत. विम्बल्डन येथील टेनिसच्या सामन्यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. तेथील पहिली स्पर्धा १८७७ साली भरली आणि तिच्यात २२ खेळाडू उतरले. त्या क्लबातील तट्टाने ओढावयाचा रूळ नादुरुस्त झाला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करावेत म्हणून ही स्पर्धा योजली, असे सांगितले जाते. बिघडलेल्या यंत्रापायी इतके नामांकित काही जन्माला आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. असो.

१८९९ साली जॉन अल्बर्ट बर या अमेरिकन कृष्णवर्णीय संशोधकाने घेतलेले पेटंट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कापलेले गवत चाकांत आणि दातेरी भागांत अडकून यंत्र बंद पडते, ही त्या वेळचीही मोठी तक्रार होती. गवत अडकू नये अशा रीतीने बरने यंत्राच्या रचनेत फेरबदल केले. म्हणजे आज दोरी ओढून दमलेल्या गृहस्थाची कुरकुर काही नवी नव्हे. ती सव्वाशे वर्षांपूर्वीही ऐकू येत होती, आणि ती ऐकून कोणी लाथ मारली तर कोणी विचार केला.

विसाव्या शतकात यंत्राला पेट्रोलचे इंजिन बसले आणि त्याबरोबर नव्या तक्रारीही आल्या. आज घरोघरी दिसणाऱ्या यंत्रात पिळाची पाती नसतात. त्यात जमिनीला समांतर फिरणारे एकच लांब पाते असते. ते कात्रीप्रमाणे कापीत नाही, तर विळ्याच्या फटक्याप्रमाणे केवळ वेगाच्या जोरावर गवत तोडते. हे पाते मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. म्हणजे तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत पन्नास फेरे झालेले असतात. एवढ्या वेगाच्या पात्याखाली खडा आला तर तो गोफणीतल्या दगडाप्रमाणे उडतो. म्हणून यंत्र चालू असताना लहान मुलांनी त्याच्या आसपास फिरकू नये. आणि गवत अडकून पाते थांबले तरी इंजिन बंद करून, प्लगची तार काढून ठेवल्यावाचून मोठ्या माणसानेही खाली हात घालू नये. अडकलेले गवत निघताच पाते फिरू शकते. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे, की ढकलत नेण्याच्या यंत्राचा दांडा हातातून सुटताच ३ सेकंदांच्या आत त्याचे पाते थांबले पाहिजे. हा नियम होण्यापूर्वी किती हातापायांची बोटे गेली असतील, याची कल्पना करवत नाही.

आता यंत्र रुसते का, ते पाहू. मोटारीचे इंजिन रोज चालते; या यंत्राचे इंजिन चार महिने चालते आणि आठ महिने झोपते. त्याचे बरेचसे दुखणे चालण्यातून नव्हे, तर झोपण्यातून उद्भवते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा पातळ भाग हळूहळू उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. कार्ब्युरेटर नावाच्या भागात पेट्रोल ज्या छिद्रातून येते, ते सुईच्या अग्राएवढे बारीक असते. ते त्या थराने बुजते. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पडून राहिलेल्या यंत्रात गंजही चढतो. यावर उपाय साधा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि उरलेले थेंबभर पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. तसेच हे यंत्र जमिनीलगत, धूळ आणि कचरा यांत काम करते. धुळीने हवेची गाळणी भरली की इंजिनाला श्वास घेता येत नाही. इंजिनावरील पातळ पत्र्यांसारख्या कडांमधून वारा खेळतो, म्हणून ते थंड राहते. त्या कडांत गवताचा भुसा साचला की ते तापते. अशा बऱ्याच इंजिनांत तेल पंपाने फिरत नाही, आतल्या आत शिंतोडे उडून सर्वत्र पोचते. तेव्हा तीव्र उतारावर यंत्र तिरपे चालविले तर काही भाग कोरडेच राहतात. शिवाय यंत्राला दव सोसत नाही. कोयत्याचा मित्र तो यंत्राचा वैरी! ओले गवत पात्याच्या आवरणाला आतून लिंपून बसते आणि यंत्राचा दम कोंडतो.

यंत्रातील एका लहानशा भागाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथे २०११ साली माजी विद्यार्थ्यांनी असे एक यंत्र भेट दिले. श्रावण संपता संपता मैदानावर गुडघाभर गवत माजले होते. आमचे माळीबुवा ते कापीत असताना खट्ट असा मोठा आवाज झाला आणि यंत्र थांबले. मग दोरी ओढून ओढून आम्ही सारे थकलो, पण ते काही सुरू होईना. संस्थेच्या एका सभासदांनी, हा निष्काळजीपणा आहे, दुरुस्तीचा खर्च माळ्याच्या पगारातून कापून घ्यावा, असे सुचविले. माळीबुवा एवढेच म्हणाले, “साहेब, मशीन माझ्या हातात होती हे खरं. पण दगड काही मी ठेवला नव्हता.” त्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या परीक्षेची फी भरावयाची होती, हे मला दुसऱ्याकडून कळले.

गावातील मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला मी बोलावून घेतले. त्याने वरचे झाकण काढले, जड गतिचक्र उचलले आणि नखाएवढा एक धातूचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तो मधोमध कातरला गेला होता. “सर, ही चावी. ही मोडण्यासाठीच बसवलेली असते,” तो म्हणाला. गतिचक्रावर लोहचुंबक असते. ते योग्य क्षणी वेटोळ्यासमोरून गेले म्हणजे ठिणगी पडते. गतिचक्र आणि दांडा यांचा मेळ ही चावी राखते. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पाते दगडावर आपटले की सारा धक्का ती आपल्या अंगावर घेते आणि आतला महागडा दांडा वाकण्यापासून वाचण्याचा संभव वाढतो. मात्र चावी कातरली म्हणजे गतिचक्र किंचित सरकते, ठिणगी भलत्याच वेळी पडते आणि यंत्र सुरू होत नाही. ज्याला आपण बिघाड म्हणत होतो, तो यंत्राने केलेला स्वतःचा बचाव होता. नवी चावी एका वहीच्या किमतीत आली आणि पगार कापण्याची गोष्ट तेथेच संपली.

राहिला प्रश्न दगडाचा. चार दिवसांपूर्वी सातवीची मुले मैदानावर क्रिकेट खेळली होती आणि यष्ट्या नसल्यामुळे त्यांनी दगड रचले होते. मी वर्गात विचारले, तेव्हा कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी दोन मुले माझ्याकडे न येता थेट माळीबुवांकडे गेली. मी खिडकीतून पाहिले, तेव्हा तिघेजण वाकून मैदान पालथे घालीत होते. दोन घमेली दगड निघाले.

प्रत्येक बिघाडाचा उलगडा असा होतोच असे नाही. काही यंत्रे मुळातच हलक्या मालाची असतात. काहींचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, तर काही अशी जोडलेली असतात, की उघडण्याच्या प्रयत्नातच मोडावीत. विकत घेताना स्वस्त वाटलेले यंत्र दोन हंगामांत टाकून द्यावे लागते आणि मालकाला वाटते, की आपल्यालाच ते नीट वापरता आले नाही. येथे दोष मालकाकडे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वस्तू दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाला हक्क असावा, अशी मागणी अलीकडे अनेक देशांत होत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी असा कायदा केला. त्यानुसार सुटे भाग, हत्यारे आणि माहिती शेतकऱ्याला उपलब्ध करून देणे हे उत्पादकावर बंधनकारक झाले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली या प्रश्नासाठी एक समिती नेमली आणि तिने ज्या वस्तूंचा विचार आधी करावयाचे ठरविले, त्यांत शेतीची अवजारे होती.

आता विजेच्या घटमालेवर, म्हणजे बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत. त्यांत पेट्रोल नाही, कार्ब्युरेटर नाही, ओढावयाची दोरीही नाही. कळ दाबली की पाते फिरू लागते. बॅटरी थकली म्हणजे मात्र नवी घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. बाकी पात्याला धार तेथेही लावावी लागते, ओले गवत तेथेही चिकटते, आणि गवतात लपलेला दगड त्या यंत्रालाही दिसत नाही.