चकली मऊ का पडते?

प्रश्न : मस्कतच्या गाला भागातील एका वाचक भगिनींची दिवाळीची चकली दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. काय चुकते?

उत्तर : बहुधा आच.

मोठ्या आचेवर चकली बाहेरून लगेच लाल होते, आत ओल राहते आणि तीच पुढे कुरकुरीतपणा घालवते. तेल तापल्यावर आच मध्यम करावी. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली तळावी.

भाजणीला 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी मूगडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ आणि थोडे धने-जिरे घ्यावेत. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा. वाटीभर पिठाला चमचाभर कडकडीत मोहन पुरते; जास्त झाल्यास चकली तेलात विरघळते.

मस्कतची समुद्राकाठची हवा दमट, त्यामुळे उघडा फराळ लवकर सादळतो. चकल्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.