खो-खोच्या पटांगणावर सहकार्याचा पाठ

सहकार्याचा पाठ पुस्तकातून वाचता येतो. अंगवळणी पडतो तो पटांगणावरच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियमबद्ध केलेला खो-खो या दृष्टीने विशेष उपयुक्त होय. आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, की बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. संरक्षक मात्र त्याच रांगेतून सहज निसटतो. तेव्हा पाठलाग करणारा कितीही चपळ असो, पाठमोऱ्या सोबत्याला खो दिल्यावाचून त्याचे चालत नाही.

सहावी-सातवीच्या वर्गात अडचण येते ती येथेच. वेगवान मुलगा खो देण्याचे टाळून खांबाला वळसे घालीत राहतो आणि बुजरी मुले तास संपेपर्यंत बसूनच असतात. (अशांना संघाबाहेर ठेवण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी पत्करला जातो. तो शिक्षणाचा मार्ग नव्हे.) सरावाच्या डावात गडी बाद केल्याचे गुण न मोजता आठही जणांना खो मिळेपर्यंत लागलेला वेळ मोजावा. मग वेगवान मुलालाच बुजऱ्याच्या तयारीची काळजी वाटू लागते. खो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग. म्हणून बुजराही पाठीवरच्या हाताची वाट पाहत चवड्यांवर सज्ज राहतो.