पाठ : जाळे आणि उदास मन



मक्केत वाढलेली आपली काही मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत जातात. घर दूर, वसतिगृह नवे. अम्मी-अब्बांशी बोलायचा धागा म्हणजे इंटरनेट. पण याच धाग्याचे कधी जाळे होते. म्हणून आज हा पाठ घेत आहोत.

१९९६ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन इंटरनेटविषयी ८ प्रश्न तयार केले. त्यांतले काही असे : वापर कमी करायचे ठरवूनही जमत नाही का? बंद केल्यावर चिडचिड होते का? घरच्यांपासून लपवता का? उदासी विसरण्यासाठी नेट उघडता का?

शेवटचा प्रश्न नीट वाचा. मन उदास, म्हणून नेट. नेटमुळे जागरण. जागरणामुळे सकाळचे तास बुडतात, अभ्यास मागे पडतो, उदासी वाढते आणि पुन्हा नेट. आधी काय आले, हे दर वेळी सांगता येत नाही. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे याला लूप म्हणतो. थांबण्याची अट घातली नाही, तर लूप फिरतच राहतो.

ही अट कोणती? नुसता मोबाइल बंद करायला लावला, तर घराचा धागाही तुटतो आणि उदासी तशीच राहते. आम्हांला वाटते, पहिली अट झोपेची : रात्री फोन बिछान्यापासून दूर. दुसरी अट बोलण्याची. पालकांनी "किती वेळ ऑनलाइन होतास?" याआधी "झोप झाली का? आज कोणाबरोबर जेवलास?" असे विचारावे.

उदासी दोन आठवडे हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. यात लाज कसली? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ मध्ये मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी खास उपचार केंद्र सुरू झाले. भारतातून १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. सौदीत आरोग्य मंत्रालयाचा क्रमांक ९३७ आहे.

शब्दार्थ
निकष – कसोटी
वसतिगृह – होस्टेल
उदासी – खिन्नपणा

स्वाध्याय
१. वरच्या लूपचे चित्र काढा. तो कोठे तोडता येईल, तेथे खूण करा.
२. दूर शिकणाऱ्या भावाला किंवा बहिणीला मराठीत पाच ओळींचे पत्र लिहा. अभ्यासाविषयी एकही प्रश्न विचारू नका.