बाबांचा हात ओढू नकोस, त्यांना ताल दे

आधी जरा टेक गं. हिंजवडीचं ऑफिस, पोराची शाळा, स्वयंपाकाच्या मावशींच्या दांड्या आणि त्यात गावाहून आणलेले, पार्किन्सन्स झालेले बाबा. न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर औषधं नीट लिहून दिली आणि सगळ्यात खाली एक शब्द खरडला, फिजिओथेरपी. त्या शब्दाचं काय करायचं, हे मात्र तुला कुणी सांगितलं नाही. आज तेवढंच बोलू या.

बघ, बाबांच्या पायातली ताकद गेलेली नाही. चालताना हात हलवणं, पाऊल पुरेसं लांब टाकणं, वळताना तोल सांभाळणं, ही कामं आपला मेंदू आपल्याला न विचारता करत असतो. त्यासाठी लागणारं डोपामिन तयार करणाऱ्या पेशी पार्किन्सन्समध्ये हळूहळू कमी होतात. म्हणून पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो. गंमत अशी, की बाबांना स्वतःला यातलं फारसं जाणवत नाही. आपण नेहमीसारखंच चालतोय, नेहमीसारखंच बोलतोय, असंच त्यांना वाटतं. तेव्हा ‘बाबा, नीट चाला ना’ असं म्हणून काही उपयोग नाही. ‘मोठं पाऊल टाका’ म्हण. एवढ्या साध्या सूचनेने फरक पडतो, कारण जे आपोआप होत नाही ते लक्ष देऊन, ठरवून करता येतं. पार्किन्सन्सचा बराचसा व्यायाम याच आधारावर उभा आहे.

अमेरिकेत ली सिल्व्हरमन नावाच्या एका पार्किन्सन्स झालेल्या बाईंच्या नावाने १९८७ मध्ये आवाजाची एक उपचारपद्धत सुरू झाली. मोठ्याने बोला, एवढंच एक सूत्र. पुढे तेच सूत्र हालचालींना लावलं, मोठी हालचाल करा. आठवड्यातून ४ दिवस, रोज एक तास, असं ४ आठवडे शिकवतात आणि मग घरी रोज चालू ठेवायला सांगतात. तुझ्या फिजिओला ही पद्धत येते का, हे बेलाशक विचार. नसेल येत तरी ‘पार्किन्सन्सचे पेशंट तुम्ही बघता का’ हे विचारच. गुडघेदुखीचा व्यायाम वेगळा आणि हा वेगळा.

आता लिफ्टचं. परवा बाबा लिफ्टच्या दारात खिळून उभे राहिले, मागे लोक खोळंबले आणि तू घाबरून त्यांचा हात ओढलास, म्हणालीस ना? असं पुन्हा करू नकोस हं. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. अरुंद दार, वळण, गर्दी आणि घाई, या चार गोष्टींनी पाय हमखास जमिनीला चिकटतात. बटण दाबून धर आणि मागच्यांना शांतपणे सांग, ‘एक मिनिट, वडिलांना वेळ लागतो.’ यात लाजण्यासारखं काही नाही गं. मग बाबांच्या बाजूला उभी राहा. आधी थांबायचं, ताठ व्हायचं, वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर घ्यायचं आणि मग मोजून एक मोठं पाऊल. ‘डावा, उजवा, आणि चला.’ शब्द कमी आणि दर वेळी तेच ठेव. अडकलेल्या माणसाला चार जणांनी चार सूचना दिल्या की तो आणखी अडकतो.

माझे सासरे न्हाणीघराच्या दारात असेच अडायचे आणि जिना मात्र झपाझप चढायचे. घरातल्यांना वाटायचं, मुद्दाम करतात. मुद्दाम काही नव्हतं. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना सांगते, पाय इथे ठेव. सपाट फरशी काहीच सांगत नाही. मग आम्ही दारापुढे रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले, एका मोठ्या पावलाच्या अंतराने. पहिल्याच दिवशी ते पट्टा ओलांडून सरळ आत गेले आणि आतूनच ओरडले, ‘अगं, गेलो!’ तुझ्याही फ्लॅटमध्ये न्हाणीघर, गॅलरी आणि पलंगाजवळचं वळण या तीन जागा बघ. पायपुसणी मात्र आधी उचल.

डोळ्यांना पट्टे तसा कानाला ताल. तू देहूच्या इतकी जवळ राहतेस, पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला येते तेव्हा पावली खेळणारे वारकरी बघितलेस ना? टाळ वाजतो आणि सगळ्यांचे पाय एका लयीत पडतात. बाहेरून मिळणारा असा ठेका मेंदूला पाऊल टाकायची आयती वेळ देतो. तुझे बाबा गावच्या भजनात टाळ धरायचे, मग त्यांच्याकडे हे भांडवल आहेच की. संथ गजर लाव, त्यांच्यापुढे उभी राहा आणि पावली धर, जागच्या जागी. सुरुवातीला मागे भक्कम खुर्ची असू दे.

पुण्यात यावर रीतसर काम झालंय. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्यवर्ग काढला. तसाच वर्ग कथक शिकलेल्या हृषीकेश पवार यांनी पुण्यात चालवला. ज्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, ती माणसं तिथे हात पसरून नाचली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथे त्यांना पेशंट म्हणून कुणी बघत नाही. मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांनी उभं केलेलं पार्किन्सन्स मित्रमंडळही पुण्यातलंच. बाबांना एकदा तिथे ने. दुसऱ्याचा थरथरणारा हात बघितला की आपला हात खिशात लपवावासा वाटत नाही. रोज ताथवड्याहून पुण्यात जाणं तुला झेपणार नाही, ते कळतं मला. पिंपरीत संत तुकारामनगरला डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथे आधी चौकशी कर.

आणि ताथवड्याच्या सर्व्हिस रोडवर त्यांना फिरायला नेऊ नकोस बाई. कुठे खोदलेलं, कुठे खडीचा ट्रक, कुठे उलट्या बाजूने येणारी दुचाकी. सोसायटीच्या आतला रस्ता नाहीतर पोडियम बरा. चालताना त्यांना फोनवर बोलू देऊ नकोस, हातात दुधाची पिशवीही देऊ नकोस. एका वेळी एकच काम. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा.

वेळही बघून निवड. सिंडोपासारखी लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासाने अंग मोकळं होतं, व्यायाम तेव्हा. गोळीबरोबर दूध, अंडं, वाटीभर डाळ असं पोटात गेलं तर प्रथिनांमुळे तिचा असर कमी होऊ शकतो, म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवेल. ते थोतांड नाही, तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. पण म्हणूनच ते परस्पर सुरू करायचं नाही, डोस दुप्पट होऊन बसेल. आणि गोळी मनाने बंद तर कधीच करायची नाही. उठल्यावर चक्कर येते म्हणालीस, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. रक्तदाब उभं राहिल्यावर उतरत असेल, तर पडण्याचं ते वेगळंच कारण आहे.

सोफ्यावरून उठताना तू त्यांना काखेत हात घालून उचलतेस ना? तुझी कंबर जाईल गं. त्यांना आधी सोफ्याच्या पुढच्या कडेला सरकू दे. पावलं मागे घ्यायची, गुडघ्यांच्याही आत. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, एक, दोन, तीन म्हणायचं आणि उठायचं. वेळ लागेल. लागू दे. बटणंही त्यांची त्यांना लावू दे. त्यासाठी सकाळी जरा लवकर उठवावं लागलं तरी चालेल. शनिवारी दादाला बोलावून घे आणि तू झोप काढ, एकटीने हे सगळं ओढायचं कुणी सांगितलंय?

फिजिओकडे पहिल्यांदा जाशील तेव्हा बाबांचे बाहेरचे बूट आणि घरातल्या चपला दोन्ही पिशवीत टाक, फिजिओंना बघू दे. त्या मागून मोकळ्या सपाता मात्र आजच काढून टाक. टाच बंद, हलक्या, न घसरणाऱ्या चपला आण, आणि बाबांना सोबत नेऊन, घालून बघूनच घे.