नाव आणि नाम

वारकऱ्याला नामाचा महिमा सांगावयास नको. परंतु आपण लेकराला जे नाव ठेवतो त्याचा नामाशी काही संबंध आहे का, याचा विचार क्वचितच होतो. शीख बांधवांनी तो केला आहे. तो आज थोडक्यात पाहू.

शीख पंथ आपल्याला परका नव्हे. श्रीगुरुग्रंथसाहिबात श्रीनामदेवरायांची ६१ पदे आहेत. भगत सैन, म्हणजे आपण ज्यांना सेना महाराज म्हणतो, त्यांचेही पद त्यात आहे. सांगलीकडील खानापूर-आटपाडीची आणि साताऱ्याकडील खटाव-माणची पुष्कळ माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर गेली, तशी पंजाबातही गेली. त्यांना ही चाल ठाऊक असेल.

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे. भटजी पंचांग पाहून नक्षत्राच्या चरणावरून अक्षर सांगतात, आत्याबाई कानात कुर्र करते. शिखांत पंचांगही नाही आणि ठरीव दिवसही नाही. बाळंतीण हिंडूफिरू लागली की आईबाप मूल घेऊन गुरुद्वारात जातात. अरदास होते, ग्रंथसाहिब उघडतात, आणि जे पद निघेल त्याचे पहिले अक्षर तेच मुलाच्या नावाचे पहिले अक्षर. त्यावरून घरची मंडळी नाव निवडतात, ग्रंथी ते संगतीला ऐकवतात, मग कडाहप्रसाद वाटतात. आता पाहा, पान उघडले आणि आपल्या नामदेवरायांचेच पद निघाले, तर पंजाबातले ते लेकरू पंढरीच्या भक्ताच्या शब्दावरून नाव घेऊन जन्मभर वावरणार! नावेही कशी, तर सतनाम, हरनाम, हरभजन. हाक मारली की देव आठवावा. गुरप्रीत, मनजीत अशी कितीतरी नावे मुलाला चालतात तशीच मुलीलाही चालतात.

नावापुढे मुलाला सिंग आणि मुलीला कौर लावतात. सन १६९९ मध्ये आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापिला. शीर द्यावयास जे पाच जण पुढे आले त्यांत बिदरचा एक न्हावी होता, द्वारकेचा कापड छापणारा होता, पाणक्याही होता. पाचही जण सिंग झाले. नावावरून जात कळू नये, हा त्यातला हेतू. आणि कौर म्हणजे राजकन्या. लग्न झाले तरी ते तिच्यापासून सुटू नये, असा दंडक.

आता आपल्या घरात डोकावू. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला ‘नकुशी’ म्हणावयाचे, म्हणजे पुढे मुलगा होतो, ही समजूत साताऱ्याच्या खेडोपाडी होती. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा सुमारे २८० मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. बिचाऱ्या शाळेच्या हजेरीत रोज ‘नको असलेली’ म्हणून हाक ऐकत होत्या. ज्या घरात तुळशीमाळ आहे, हरिपाठ आहे, त्या घरातही असे नाव पडले असेल, तर तो नामाचा अपराध नव्हे काय?

मात्र नुसत्या नावाने भागत नाही, हेही खरे. जेथे प्रत्येक मुलगी राजकन्या, त्या पंजाबातही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८४६ च भरल्या. नाव राजकन्येचे आणि जन्माला येऊ देण्याची तयारी नाही, असे झाले तर नाव काय करील? ओठांवर विठ्ठल आणि मनात भेद, तसेच ते.

म्हणून आमची वारकरी बंधुभगिनींस एवढीच विनंती. बारशाला पाळण्यापाशी हरिपाठ म्हणा. मुलगी झाली तर मुक्ता, जनी, सोयरा, निर्मळा, बहिणा ही नावे आपलीच आहेत, ती आनंदाने ठेवा. दिंडीत शेजारच्याचे आडनाव ऐकून जात शोधू नका, त्याला माउली म्हणा. आणि गावात अजून कोणी नकुशी असेल, तर तिच्या घरी जा, आईबापांस समजवा, तिला विचारून तिच्या आवडीचे नाव द्या. तेवढी वारी पांडुरंगाला पावेल.

रामकृष्णहरी.