ओळखीचा आवाज

आवाज ओळखला म्हणजे माणूस ओळखला, असें आपले वडीलधारे मानीत आले. परंतु आतां अल्पशा ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेनें कोणाचाही आवाज हुबेहूब घडवितां येतो. सन २०२४ मध्यें मुंबईंतील एका वृद्ध पित्यास, दुबईस्थ पुत्र अटकेंत असल्याचें सांगून व त्याचें असें नकली रडणें ऐकवून, ८०,००० रुपयांस लुबाडण्यांत आलें.

आपल्या गोंदिया, तिरोडा, आमगांवकडील कितीतरी मुलें नागपूर-पुण्यास आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनो, आपण आजच आजी-आजोबांजवळ बसून घरचा एक खुणेचा शब्द ठरवूं या. पैशाची मागणी येतांच त्यांनीं तो विचारावा, फोन ठेवावा व मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर स्वतः बोलावें. फसगत झालीच, तर त्यांस न रागावतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. लाजेनें गप्प राहण्यांत केवळ ठकांचाच लाभ आहे.