डब्याच्या मागची अक्षरं वाचा

वैशाखातली नांगरट आणि तलावातला गाळ उपसणं, दोन्ही कामं आपल्याकडे एकाच वेळी येतात. वैजापूर-गंगापूरच्या काळ्या रानात पलटी नांगर, तलावात जेसीबी आणि टिप्पर, पारा चाळिशीपार. अशा दिवसांत मोंढ्यातल्या दुकानात ट्रॅक्टरच्या इंजिन ऑइलची हमखास विचारणा होते: सर्वो घेऊ, मॅक घेऊ की कॅस्ट्रॉल?

नावावर भांडू नका. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ हा ऑइलचा जाडपणा. त्याखालचा ‘एपीआय’ दर्जा त्याहून महत्त्वाचा. ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनाची, ‘एस’ची पेट्रोलची. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. पुस्तिकेत सीएच-४ लिहिलं असेल तर सीआय-४ बिनधास्त टाका. उलटं मात्र नको. दर्जा जुळला की स्वस्त-महाग नावांतला फरक माझ्या मते बराचसा जाहिरातीचा.

दोन अपवाद आहेत. वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरला कंपनी सांगते तेच ऑइल टाका आणि पक्कं बिल जपा. ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यातल्या ज्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आहे, त्यांना कमी राखेचंच ऑइल लागतं. सुटं, सील नसलेलं ऑइल तर कुठल्याच नावाचं घेऊ नका.

खरा घात धुळीने होतो. एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प ढिला असेल, तर न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. तिथे दोनशे रुपये महागाचं ऑइल काय करणार? ऑइल बाथ क्लीनरची वाटी नांगरटीत रोज उघडा, तळाला चिखल साचला असेल तर धुवा, आणि खुणेपर्यंतच ऑइल भरा.

पट्टीवर ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी ते पोटात घेतं, म्हणून काळं पडतं. दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरलंय; पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर पंप किंवा नोझल मिस्त्रीला दाखवा. दोन्हीत ट्रॅक्टर जागेवरच बंद ठेवा.

ऑइल बदलायचं ते तासाच्या मीटरवर. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात. धुळीत थोडं आधीच. इंजिन गरम असताना, सपाट जागी ऑइल सोडा, फिल्टरही बदला. नवं ऑइल भरून इंजिन चालू केल्यावर प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. काढलेलं ऑइल विहिरीकाठी किंवा नाल्यात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोचवा.